पिटो हीटरचा दिवा लागला, पण नळी तापली का? (घरी जोडलेल्या विमानाचं वायरिंग)

उद्यमबागचा वायरमन

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गेल्या रविवारी शेडमध्ये जे झालं ते डोक्यातून जाईना.

आम्ही तिघे मिळून बेळगावच्या उद्यमबागेतल्या मागच्या शेडमध्ये दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान किटवरून जोडतोय. इंजिन रोटॅक्स ९१२. ते अजून उडालेलं नाही. डीजीसीएच्या (विमानांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) परवानगीचा रस्ता लांबचा आहे आणि तो पुरा केल्याशिवाय चाक जमिनीवरून सुटणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलंय. वायरिंग माझ्याकडे आहे. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा आणि पॅनेल बोर्डाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंखाखाली पुढे तोंड करून एक बारीक नळी असते, ती पिटो. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती घेते आणि त्यावरून विमानाचा वेग कळतो. नळीत बर्फ धरला किंवा पाणी बसलं की वेगाचा काटा खोटं दाखवायला लागतो. म्हणून तिच्यात हीटर असतो.

रविवारी पॅनेलवर पिटोचा स्विच बसवला, मागे १५ अँपिअरचा ब्रेकर आणि स्विचच्या पुढे एक हिरवा एलईडी. स्विच टाकला, एलईडी लागला. मला बरं वाटलं. माझ्या हाताखालचा पोरगा हुक्केरीकडचा आहे, कानडी बोलतो. तो पंखाजवळ उभा होता. नळीला बोट लावून म्हणाला, "अण्णा, बिसी इल्ल," म्हणजे गरम नाही. म्हटलं थांब, वेळ लागतो तापायला. दोन मिनिटांनी परत तेच, बिसी इल्ल. जाऊन बघतो तर पंखाच्या मुळाशी असलेला प्लग सकाळी मीच काढून ठेवला होता.

म्हणजे दिवा हिरवा आणि नळी गार. जमिनीवर पोराचं बोट होतं म्हणून कळलं. वर ढगात कोणाचं बोट असणार? तो एलईडी मी तिथेच कापून टाकला. आता त्या जागी काय बसवावं, यावर जाणकारांनी बोलावं.

---

निपाणीचा मोटरवाला

दादा, हे दुखणं घरोघरी हाय. गिझरचा लाल दिवा बघा. एलिमेंट जळून गेलं तरी दिवा लागतोच, कारण तो फक्त व्होल्टेज आलं एवढंच सांगतो. पाणी गार आलं की मग माणूस मला फोन करतो.

आमच्याकडं बोअरच्या स्टार्टरवर ॲमीटर असतो. शेतकरी व्होल्टमीटरकडं ढुंकून बघत नाही, त्याची नजर ॲमीटरवर. पाणी तुटलं की मोटर हलकी चालते, काटा खाली येतो, आणि विहिरीपाशी न जाता त्याला कळतं. तुमच्या नळीलाही हेच लावा. हीटर तापतो तो करंटनं. करंट मोजा, बाकी काही मोजू नका.

---

सांबऱ्याचा निवृत्त

मोटरवाल्यांशी पूर्ण सहमत. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट ट्रेडला होतो, सांबऱ्याला शिकलो आणि निवृत्तीनंतर बेळगावलाच राहिलो. या विषयात एक अपघात प्रत्येकाने समजून घ्यावा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ डिसेंबर १९७४. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं बोइंग ७२७ न्यूयॉर्कहून बफेलोला रिकामं चाललं होतं, तिथून एका फुटबॉल संघाला घ्यायला. विमानात फक्त तिघांचा क्रू. पिटोचं हीटिंग चालू करायचं राहून गेलं होतं. चढता चढता ढगात पिटो गोठले.

नळीचं समोरचं तोंड आणि पाणी निघून जायचं बारीक भोक, दोन्ही बंद झाली की आतला दाब आतच कोंडतो. विमान वर जाईल तशी बाहेरची हवा विरळ होते. यंत्र या दोन दाबांतला फरक बघतं, त्यामुळे विमान जितकं वर चढेल तितका वेग वाढतोय असं दिसत जातं. खरा वेग कमी होत असला तरीही. त्या क्रूला वेग फार वाढल्यासारखा दिसला, म्हणून त्यांनी नाक आणखी वर उचललं. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल तुटली, आणि फिरत खाली आलं. तिघेही गेले. (फक्त तोंड बंद आणि भोक उघडं असेल तर उलटं होतं, काटा शून्याकडे पडतो. ते लगेच लक्षात येतं. पहिला प्रकार जास्त फसवा.)

यानंतर १९७८ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत भर पडली: पिटो हीट बंद असेल, किंवा चालू असूनही एखादं एलिमेंट काम करत नसेल, तर वैमानिकाच्या नजरेसमोर अंबर (पिवळसर नारिंगी) दिवा लागलाच पाहिजे. आता बारकाईने बघा. दिवा लागतो तो गैरहजेरीत. सगळं ठीक असेल तर अंधार. तुम्ही हिरवा दिवा बसवला होता, जो ठीक असताना लागतो. त्यापेक्षा अंबर दिवा असा जोडा की मास्टर स्विच (विमानाची सगळी वीज चालू करणारा) टाकताक्षणी तो लागेल, आणि नळीतून खरा करंट गेल्यावरच विझेल. त्यामुळे दर उड्डाणाआधी दिव्याची चाचणी आपोआप होते. मास्टर टाकल्यावर अंबर दिसला नाही, तर दिवाच गेलाय हे जमिनीवरच कळतं.

घरी जोडलेल्या विमानाला हा नियम लागू नाही. तरीही तुम्ही तो पाळावा असं मला मनापासून वाटतं. त्या नियमामागे तीन माणसं आहेत.

---

खानापूरकर

वाचतोय, खूप छान माहिती. एक अडाणी प्रश्न विचारू का? आपल्याकडे बर्फ कुठून येणार? बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. हजार फुटांना साधारण दोन अंश तापमान उतरतं असं धरलं तरी पावसाळ्यात शून्य अंश गाठायला १५ हजार फुटांच्या वर जावं लागेल. हे दोन सीटचं विमान तिथे जाणारच नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

---

चंदगडची लेक

खानापूरकर काका, प्रश्न अजिबात अडाणी नाही, आणि बर्फाबद्दल तुमचा हिशेब बरोबरच आहे. मी सध्या पायलटचं ट्रेनिंग घेतेय. माझा अनुभव पाण्याचा आहे.

गेल्या जूनमध्ये क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांबच्या सरावाच्या उड्डाणाला, सरीत सापडलो. काही सेकंदच, पण धो धो. वेगाचा काटा थरथरला आणि दहा-बारा नॉट खाली येऊन बसला. इंजिनाचा आवाज तोच, नाकाची ठेवण तीच. सर शांतपणे म्हणाले, "ॲटिट्यूड धर, पॉवर धर, पिटो हीट टाक." थोड्या वेळाने काटा जागेवर आला. नळीतलं पाणी भोकातून निघून जातं खरं, पण हीटरने ते लवकर सुटतं आणि उरलेला ओलावा वाळतो. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या पावसात हे रोजचं होईल.

मला मात्र दुसऱ्या हीटरची जास्त काळजी वाटते. धागाकर्त्या दादांनी त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. कार्ब्युरेटरला गरम हवेची सोय केलीय का? पेट्रोलची वाफ होताना आणि गळ्यातून हवा जोरात जाताना आतलं तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. म्हणजे बाहेर २२ अंश आणि हवा चिंब ओली, असा आपला जुलैचा दिवस असेल तर कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरायला अगदी पोषक. त्यातही पॉवर कमी करून उतरताना सगळ्यात जास्त. पिटो गोठला तर फक्त काटा खोटा बोलतो, कार्ब्युरेटर गोठला तर इंजिनच बसतं.

आमच्या ट्रेनिंगच्या विमानात एक्झॉस्टभोवतीची गरम हवा नॉब ओढून आत घेतात, वीज लागत नाही. पण काही लोक कार्ब्युरेटरच्या अंगावर विजेचा छोटा हीटर बसवतात. तुम्ही तसा बसवणार असाल तर तोच प्रश्न तिथेही येतो: तापतोय हे कळणार कसं?

---

उद्यमबागचा वायरमन

ताई, कार्ब्युरेटरचं लक्षात आणून दिलंत, फार उपकार. विजेचाच हीटर लावायचा विचार होता, आता तो पुन्हा तपासूलालोय. निवृत्त काकांचा प्रतिसाद तर छापून शेडच्या भिंतीला लावलाय.

करंट मोजायचा हे पक्कं झालं. कसा मोजू? शंट, हॉल सेन्सर की आणखी काही?

---

टिळकवाडीचे मास्तर

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तिन्ही मार्ग चालतात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

शंट म्हणजे वाटेत एक ठरावीक, अगदी लहान रोध. १० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट देणारा घेतला तर तो ०.००५ ओहमचा, आणि त्यात अर्धा वॅट जळतो, म्हणजे नगण्य. पण ५० मिलिव्होल्टवर दिवा लागत नाही, ॲम्प्लिफायर लागतो. शिवाय शंट पॉझिटिव्ह बाजूला असेल तर दोन्ही टोकं बॅटरीच्या व्होल्टेजवर असतात, त्यामुळे ॲम्प्लिफायरही त्या जातीचा हवा.

हॉल सेन्सर करंटभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाचतो. बाजारात मिळणारी एसीएस७१२ चिप, २० अँपिअरची, एका अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देते. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर शून्य करंटला आउटपुट अडीच व्होल्ट. मापनाचं सर्किट हीटरच्या सर्किटपासून वेगळं राहतं, आणि इंजिन मॉनिटरला जोडलं तर पडद्यावर आकडा दिसतो. पण तिला स्वतःचा स्वच्छ ५ व्होल्ट पुरवठा लागतो आणि शेजारचं परकं चुंबकीय क्षेत्र तिला चकवतं.

तिसरा मार्ग जुना आणि मला सगळ्यात आवडणारा. काचेचा रीड स्विच घ्या, त्याभोवती हीटरच्याच जाड वायरचे चार-पाच वेढे द्या. करंट वाहिला की वेढ्यांचं चुंबक होतं आणि काचेतल्या पट्ट्या चिकटतात. हीटरचा करंट त्या नाजूक पट्ट्यांमधून जातच नाही, फक्त बाहेरच्या वेढ्यांतून जातो. पुढे एक ट्रान्झिस्टर: बेसला रोधाने पॉझिटिव्ह द्या म्हणजे दिवा लागलेला राहील, आणि रीड चिकटला की बेस ग्राउंडला जाऊन दिवा विझेल. निवृत्त काकांनी सांगितलेली अंबरची रीत यात आपोआप जमते. रीडची वायर तुटली तर दिवा कायम लागलेला. रीड चिकटून बसला, किंवा ट्रान्झिस्टर उघडा पडला, तर मास्टर टाकल्यावर दिवा लागणारच नाही. यातला कुठलाही बिघाड उड्डाणाआधी दिसतो.

---

उद्यमबागचा वायरमन

रीडच करणार. वेढे घालणं हा माझा जन्माचा धंदा.

काल चाचणी घेतली. १३.८ व्होल्टच्या सप्लायवर गार पिटो ९.४ अँपिअर घेतो. तापत जाईल तसा रोध वाढतो आणि करंट उतरतो, स्थिर हवेत चार-पाच मिनिटांत ६ अँपिअरवर येऊन थांबला. ओलं फडकं लावून पंखा सोडला की पुन्हा साडेसातच्या आसपास जातो. एलिमेंट किती गार होतंय हे करंटवरूनच कळतं, मोटर नाही का लोड वाढला की जास्त खाते, तसं.

रीडवर चार वेढे घातले. ७.६ अँपिअरला चिकटतो, ३.९ ला सुटतो. गार पिटोवर स्विच टाकला, अंबर लगेच विझला. पिटो तापून ६ वर आला तरी विझलेलाच, कारण सुटायची पातळी ३.९. प्लग काढला, अंबर लागला. पोराने टाळ्या वाजवल्या.

---

टिळकवाडीचे मास्तर

छान. आता एक करा. पिटो पूर्ण तापलेला असताना स्विच बंद करून दोन-तीन सेकंदांत परत चालू करा आणि अंबर बघा.

---

उद्यमबागचा वायरमन

मास्तर, पकडलंत. अंबर विझत नाही. नळी चटका बसेल इतकी गरम आणि दिवा म्हणतो बिघाड. करंट सहाच, चिकटायला साडेसात लागतो.

हे उलटं खोटं झालं. ढगात वैमानिकाने चुकून स्विच बंद-चालू केला तर त्याला वाटेल हीटर गेला. असं दोन-तीनदा झालं की तो दिव्याकडे बघणंच सोडून देईल.

वेढे वाढवून सात केले. आता ४.३ ला चिकटतो, २.२ ला सुटतो. अल्टरनेटर बंद पडून नुसत्या बॅटरीवर, साधारण १२.४ व्होल्टवर, गरम पिटो किती घेतो तेही मोजलं: ५.४. म्हणजे त्या अवस्थेतही रीड चिकटतो. दहा वेळा गरम-बंद-चालू केलं, दहाही वेळा विझला. एक शिकलो: रीडच्या कागदावरचा अँपिअर-टर्नचा (करंट गुणिले वेढे) आकडा बारीक तारेच्या कॉइलवरचा असतो. जाड वायरचे वेढे काचेपासून लांब पडतात, ती पकड कमी बसते. आकडा घरी मोजूनच घ्यावा.

---

निपाणीचा मोटरवाला

सात वेढे चांगलं. पण दादा, एक शंका. रीड फक्त हो किंवा नाही सांगतोय. समजा पिटोची अर्थिंग कुजली, करंट नवाऐवजी पाचच वाहिला. रीड म्हणणार सगळं ठीक. आमच्याकडं मोटरीचे अर्धे आजार अर्थिंगचे आणि ढिल्या लगचे असतात. तुमची नळी पंखाच्या पत्र्यातूनच ग्राउंड घेतेय काय?

---

उद्यमबागचा वायरमन

घेत होती. तुमचा प्रतिसाद वाचून तसाच शेडवर गेलो. पिटोचा माउंट ॲनोडाइज केलेला, त्यावर प्रायमर, त्यातून चार स्क्रू. ९ अँपिअर चालू असताना माउंट आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये ०.८ व्होल्ट पडत होता, तोही स्क्रू हलवला की बदलायचा. आणि हे नवंकोरं असताना. दोन पावसाळ्यांनी काय झालं असतं!

आता पिटोची निगेटिव्ह वेगळी वायर म्हणून पॅनेलमागच्या ग्राउंड बोल्टपर्यंत आणलीय, पॉझिटिव्हच्या जोडीला पीळ देऊन. ड्रॉप निम्म्यावर आला आणि स्थिर आहे. निपाणीच्या भाऊंना शेडवर चहाचं आमंत्रण.

शिवाय मास्तरांचा हॉल सेन्सरही लावायचं ठरवतोय, पण फक्त इंजिन मॉनिटरच्या पडद्यावर आकडा दाखवायला. अंबर दिवा रीडवरच राहील, त्याचा पडद्याशी काही संबंध नाही. पडदा गेला तरी दिवा हवा.

---

सांबऱ्याचा निवृत्त

वायरना पीळ दिलात हे उत्तम. ९ अँपिअरची सुटी डीसी वायर होकायंत्राजवळून गेली तर सुई ओढते. सेन्सर आणि रीडचा डबाही होकायंत्रापासून लांब ठेवा. स्विच चालू-बंद करून सुई हलते का ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. वायर विमानाचीच, टेफझेल इन्सुलेशनची वापरा. घरगुती पीव्हीसी जळली तर तिचा धूर बंद कॉकपिटमध्ये माणसाला लढू देत नाही.

आता ज्यावर जीव तोडून सांगावंसं वाटतं ते. तुमचा अंबर विझला म्हणजे हीटर चालू आहे, इतकंच. नळी मोकळी आहे असं तो सांगत नाही. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं फ्लाइट ४४७ अटलांटिकवर पडलं, २२८ जण गेले. तिथे पिटोची हीटिंग चालू होती, पण बर्फाचे कण त्या हीटिंगच्या ताकदीपेक्षा जास्त आले. १९९६ मध्ये बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ डोमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात कोसळलं, १८९ जण गेले. पिटो बंद झालेला होता आणि संशय मातीचं घर करणाऱ्या माशीवर गेला. विमान बरेच दिवस उभं होतं आणि पिटोवर कव्हर नव्हतं.

ही माशी आपल्या प्रत्येक घरात आहे. कुंभारीण. दाराच्या कडीच्या भोकात, पाइपच्या तोंडात एका दुपारीत मातीचं घर करते. तुमच्या शेडमध्ये तर नक्कीच असेल. कव्हर आजपासून घाला, त्याला लांब लाल पट्टी लावा, आणि कव्हर काढल्याशिवाय हीटर चालू करू नका, नाहीतर ते वितळून नळीलाच चिकटेल.

---

खानापूरकर

मी मगाशी विचारलं होतं कशासाठी, ते आता पुरतं कळलं. आणखी एक हिशेब करून बघितला. १३.८ गुणिले ९.४ म्हणजे जवळपास १३० वॅट. रोटॅक्स ९१२ चा अंगचा जनरेटर पूर्ण फेऱ्यांवर २५० वॅटचा आहे असं वाचलं. म्हणजे निम्मी वीज एकट्या नळीला. वर रेडिओ, दिवे, इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, आणि तो कार्ब्युरेटरचा हीटरही विजेचा असला तर?

---

चंदगडची लेक

काका, आणि कार्ब्युरेटरची हीट लागते ती उतरताना. तेव्हा फेऱ्या कमी, जनरेटर त्याहून कमी देतो. सगळ्यात जास्त भूक आणि सगळ्यात कमी पुरवठा एकाच वेळी.

दादा, मी तुमच्या जागी असते तर कार्ब्युरेटरला वीज न लावता इंजिनाचीच उष्णता दिली असती, आणि तिथे फक्त तापमान बघणारा सेन्सर बसवला असता. कार्ब तापमानाच्या घड्याळावर उणे १५ ते अधिक ५ अंशांपर्यंत पिवळा पट्टा असतो. काटा त्यात शिरला की हीट द्यायची.

---

उद्यमबागचा वायरमन

ताईंचं ऐकतोय. कार्ब्युरेटरचा विजेचा हीटर रद्द. एक्झॉस्टला पत्र्याचा मफ (भोवतीचं वेष्टण) बसवून गरम हवा घेणार, पत्र्याचं काम वडगावचा मित्र करतोय. तापमानाचा सेन्सर पडद्याला जोडणार, पिवळ्या पट्ट्यासकट.

आजची स्थिती. रीडचा डबा पंखाच्या मुळाशी बसवला, काच फुटू नये म्हणून सिलिकॉनमध्ये. होकायंत्र अजून बसलेलं नाही, म्हणून त्याच्या जागी शाळेतली चुंबकसुई ठेवून पिटो चालू-बंद केला, सुई जागची हलली नाही. अंबर दिवा वेगाच्या काट्याच्या अगदी शेजारी घेतला, खालच्या ओळीत नाही. खाली गुडघ्याआड गेला असता. दिव्याच्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलंय, खाली बारीक अक्षरात देवनागरीत "पिटो गार".

निवृत्त काका, कुंभारीण खरंच होती. पिटोत नव्हती, शेजारच्या स्टॅटिकच्या (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या) भोकाशी माती लावायला सुरुवात झाली होती. कापडी कव्हर शिवायला टाकलंय शहापुरात, तोवर स्वच्छ फडकं बांधून ठेवलंय. पोराला कामच नेमून दिलंय: रोज सकाळी शेड उघडली की आधी फडकं सोडून नळीचं तोंड आणि भोकं बघायची, मग झाडू.

येत्या रविवारी ओल्या फडक्याऐवजी पाइपने पाण्याची धार मारून अर्धा तास चाचणी घेणार आहे. आकडे इथे टाकतो.